सुरतेची शाळा

सुरत हे नाव आपल्याला पहिल्यांदा भेटते ते शिवचरित्रात. जानेवारी १६६४ मध्ये एकदा आणि ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा महाराजांनी सुरत लुटली, हे आपण पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुण मिळवले. पण सुरतेत लुटण्यासारखे एवढे होते तरी का, हे आपल्याला कुणी विचारले नाही आणि आपणही कुणाला विचारले नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खरे तर सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. लूट दोन वेळा झाली. सुरतेची श्रीमंती मात्र पुन्हा पुन्हा उभी राहिली. ज्याअर्थी ती पुन्हा उभी राहिली, त्याअर्थी ती नुसती तिजोरीत नसून माणसांच्या अंगात होती, असे मानावे लागते.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. आमच्या बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात सध्या एकच चर्चा चालते: पुढे काय? आणि त्यातही, बाहेर कुठे? इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही नावे आता टिळकवाडी-शहापूरसारखी सहज तोंडात येतात. जाहिराती सांगतात की जागतिक व्यापाराची कौशल्ये हवी असतील तर परदेशी विद्यापीठातच गेले पाहिजे. आमच्या घरीही हा प्रश्न आला. खानापूर तालुक्यात आमची दोन एकर जमीन आहे. ती तारण ठेवून मला एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला पाठवावे, असे वडिलांच्या मनात आहे. मुलगा मराठी माध्यमातून शिकला, इंग्रजीला बिचकतो, बाहेर गेल्याशिवाय त्याला धिटाई येणार नाही, असे त्यांना वाटते. त्यांची माया मला कळते. पण त्या जाहिरातीतले विधान मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी मला सुरतेचा आधार घ्यावा लागतो.

प्रथम जुनी सुरत पाहू. १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांशी झुंज दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांना सुरतेत वखारीची परवानगी मिळाली. मागोमाग डच आले. इराणी, तुर्क, अरब, आर्मेनियन तर आधीपासून होतेच. या सगळ्यांशी व्यवहार करणारा वीरजी व्होरा हा सुरतेचा सावकार. मलबारची मिरी तो इतकी उचलून ठेवी की इंग्रजांना ती त्याच्याच भावाने घ्यावी लागे. आणि पैसे कमी पडले की कर्जही त्याच्याकडूनच काढावे लागे. त्याचे गुमास्ते आग्रा, बुऱ्हाणपूर, कालिकत अशा ठिकाणी बसलेले असत. ऑक्सफर्ड तेव्हाही होते. पण वीरजी तिथे शिकायला गेला नव्हता. तो शिकला तो पेढीवर: हुंडी कशी लिहावी, कोणत्या मोसमात कोणते जहाज येते, कोणाच्या शब्दाला काय वजन आहे. दरबारात फारसी, किनाऱ्यावर मोडकीतोडकी पोर्तुगीज आणि घरात गुजराती अशा बेरजेवर त्या काळच्या सुरतेचा दलाल जगाशी बोलत असे.

त्याच काळातील भीमजी पारेख हा इंग्रजांचा दलाल तर आणखी मजेदार. आपल्याकडील जुने ग्रंथ छापावेत असे त्याच्या मनात आले, तेव्हा त्याने कंपनीला कळवून इंग्लंडहून मुद्रकच मागवला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला. त्याला देवनागरीसारख्या लिपीचे ठसे पाडता येईनात, म्हणून बेत तडीस गेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण विद्या शिकायला आपणच गेले पाहिजे असे नाही, विद्या जाणणाऱ्याला आपल्या दारी बोलावता येते, हे त्या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी सुचले होते. आपल्या महाविद्यालयांना ते आज सुचले तरी पुष्कळ झाले.

आता आजची सुरत. माझे मामा तिथे उधना भागात राहतात आणि रिंग रोडवरील कापड बाजारात एका साडी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे तीन आठवडे होतो. उधना-लिंबायत भागात आपली मराठी माणसे, विशेषतः खानदेशातली, मोठ्या संख्येने आहेत. ओडिशाचे, आंध्र-तेलंगणाचे, उत्तर प्रदेशाचे, राजस्थानचे लोक तर गल्लोगल्ली. या शहराची महानगरपालिका मराठी, ओडिया, तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि अर्थात गुजराती अशा सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. मामा दहावी पास. वही गुजरातीत, गिरणीशी बोलणे हिंदीत, हमालांशी मराठीत, आणि दुबईच्या गिऱ्हाइकाला पत्र इंग्रजीत. त्यांचे इंग्रजी आमच्या प्राध्यापकांना आवडणार नाही, पण ते वाचून दुबईहून पैसे येतात.

हिऱ्यांचा बाजार महिधरपुऱ्यात भरतो. रस्त्यावर, दुचाकीवर बसून, पांढऱ्या कागदाच्या घडीतले हिरे एकमेकांना दाखवत माणसे लाखोंचे सौदे करतात. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिरे सुरत परिसरात पैलू पाडून जातात, असे या धंद्यात सांगितले जाते. वस्तुतः सुरतेच्या जमिनीत हिऱ्याची एकही खाण नाही. कच्चा हिरा बोट्सवाना, अंगोला, रशिया, कॅनडाकडून येतो. बराचसा अँटवर्प आणि दुबईच्या वाटेने. त्याला इथे ५७ पैलू पडतात आणि तो अमेरिकेत, हाँगकाँगमध्ये विकला जातो. भाव डॉलरमध्ये, तोही कॅरटला. १९७८ पासून न्यूयॉर्कहून रॅपापोर्टचे दरपत्रक निघते. ते वराछातल्या छोट्या कारखानदाराच्या मोबाइलवरही असते. रंग, शुद्धता, घडण आणि वजन ही प्रतवारीची चार मापे अमेरिकेतील एका संस्थेने रूढ केली. सुरतेचा दहावी नापास दलाल ती डोळ्याला भिंग लावून चटकन सांगतो. १९७८ मध्येच सुरतेत इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट निघाली. म्हणजे आधी बाजार शिकला आणि मग त्या शिक्षणाला शाळेची इमारत मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये खजोद येथे हिरेबाजाराची अवाढव्य नवी वास्तू उघडली, तिच्यात चार हजारांहून अधिक कार्यालयांची सोय आहे.

हे सारे पाहून मामांना मी विचारले, की या धंद्यात नेमके शिकायचे काय? ते म्हणाले, "कागद वाचायला शीक की रे. माल सगळेच विकतात. कागद वाचतो त्याचेच पैसे सुटतात." आणि मग त्यांनी बाजारात घडलेली एक गोष्ट सांगितली. एका व्यापाऱ्याने (नाव सांगण्याचे कारण नाही) परदेशी माल पाठवला. पतपत्र, ज्याला बाजारात सगळे एल. सी. म्हणतात, ते हातात होते. माल उत्तम, वेळेवर जहाजावर चढलेला. पण बिल ऑफ लेडिंग आणि बाकीचे कागद बँकेत पोहोचले चोविसाव्या दिवशी. पतपत्राचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे २००७ पासून लागू असलेले यू. सी. पी. ६००, सांगतात की पतपत्रात वेगळी मुदत दिली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत. बँकेने बोट ठेवले, गिऱ्हाइकाने संधी साधून भाव पाडून मागितला, आणि व्यापारी हात चोळत बसला.

विद्यार्थी मित्रहो, पतपत्राची व्याख्या आपण सर्वांनी पाठ केली आहे. त्याचे प्रकारही आपण लिहू शकतो. पण खरे पतपत्र आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? मी तरी सुरतेत मामांच्या टेबलावर प्रथम पाहिले. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी अविश्वासाला दिलेले उत्तर आहे, हे पुस्तकातून कळले नव्हते. आणि ते कळण्यासाठी लंडनला जावे लागले नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कुणी म्हणेल, सुरतेच्या हिरेवाल्यांचे काय सांगतोस? १९६० च्या दशकापासून पालनपुरी जैन कुटुंबांतील तरुण अँटवर्पला जाऊन बसले, म्हणून तर इथला माल तिथे खपला. ज्याचा चुलता अँटवर्पला आणि मेहुणा हाँगकाँगला, त्याला घरबसल्या जगाचा व्यापार कळणारच. ज्याचा चुलता खानापूरला आणि मेहुणा गोकाकला, त्याने काय करावे?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सुरतेची शाळा सर्वांना खुली नाही. तिथे प्रवेश नात्यागोत्यावर, जातीवर, गाववाल्यांच्या ओळखीवर मिळतो. सौराष्ट्रातून घासकामाला आलेले पाटीदार तरुण पुढे कारखानदार झाले हे खरे. पण त्यांनाही पहिली बैठक मिळाली ती गाववाल्याच्याच घंटीवर. शिवाय या शाळेत दोन वर्ग आहेत. एक हाताच्या कौशल्याचा आणि दुसरा बाजाराच्या कौशल्याचा. लाखो कारागीर पहिल्याच वर्गात राहतात. पैलू पाडण्यात त्यांचा हात धरणारा जगात कुणी नाही, पण तो हिरा कुठे, कोणाला, काय भावाने गेला, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणूनच २००८ च्या मंदीत घंट्या थांबल्या तेव्हा का थांबल्या हे कारागिराला शेवटी कळले. २०२४ मध्ये रशियन हिऱ्यांवर श्रीमंत राष्ट्रांच्या जी-७ गटाने बंदी आणली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हाही पहिला फटका त्याच माणसाला बसला ज्याने त्या निर्णयाचा शब्दही ऐकला नव्हता. मामांच्या शेजारी राहणारे एक कारागीर मला म्हणाले, "हिरा आम्हाला कळतो, भाव कळत नाही." जागतिक व्यापाराचे कौशल्य म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. भाव कशाने ठरतो हे कळणे, म्हणजे ते कौशल्य.

हाच धडा आपल्या दाराशीही आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि त्या कुठल्या हे सांगायचे मात्र राहून गेले. ओरड झाली. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, आणि इथल्या कारागिरांकडून करवून घेतलेली चप्पल सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. अथणीच्या कारागिराला त्या जोडीचे काय मिळते आणि मिलानच्या दुकानात काय मिळते, यातला फरक चामड्याचा नाही, शिवणीचाही नाही. तो कागदाचा, नावाचा आणि भाव सांगण्याच्या धिटाईचा आहे. हात आमचा, भाव त्यांचा, असे हे गणित आहे. ते बदलायचे तर बी. कॉम. झालेली मुले अथणीतच असली पाहिजेत, आणि त्यांना युरोची भाषा कळली पाहिजे.

मग आक्षेपाला उत्तर काय? माझ्या मते उत्तर असे, की सुरतेत जे काम चुलता आणि मेहुणा करतात ते आपल्याकडे महाविद्यालयाने केले पाहिजे. ज्याला गोतावळा नाही त्याचा गोतावळा म्हणजे महाविद्यालय. यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. चार गोष्टी सुचवतो.

पहिली, ग्रंथालयात एक कागदांची फाइल असावी. उद्यमबाग आणि मच्छे येथील ओतकाम कारखाने परदेशी माल पाठवतात. त्यांच्याकडून जुनी, नावे झाकलेली पतपत्रे, बीजके, बिल ऑफ लेडिंग, विम्याचे कागद मागून आणावेत. परीक्षेत पतपत्राचे प्रकार विचारण्याऐवजी एक सदोष संच हातात द्यावा आणि चूक शोधायला सांगावे.

दुसरी, फलकावर दररोज सुविचाराशेजारी डॉलर आणि युरोचा भाव लिहावा, आणि तो का हलला हे एका विद्यार्थ्याने दोन वाक्यांत सांगावे. दहा हजार डॉलरच्या मालावर रुपया एका रुपयाने सरकला की दहा हजार रुपये इकडचे तिकडे होतात. लहान कारखानदाराचा महिन्याचा नफा कधी कधी तेवढाच असतो. हे एकदा कळले की वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान रटाळ वाटत नाही.

तिसरी, भीमजी पारेखाप्रमाणे जाणकाराला बोलवावे. व्याख्यान आणि शाल-श्रीफळासाठी नव्हे. त्याने आपला एक फसलेला सौदा सांगावा आणि आम्ही प्रश्न विचारावेत. सीमाशुल्काचा दलाल, बँकेच्या परकीय चलन विभागातील अधिकारी, टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातील कर्मचारी ही माणसे आपल्याच भागात असतात. आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक आता घरबसल्या, ५०० रुपये शुल्कात निघतो. महाविद्यालयाच्या सहकारी भांडाराने तो काढावा आणि वर्षात एक तरी पार्सल, मग ते चार चपलांचे का असेना, परदेशी पाठवून दाखवावे. चार जोड्यांच्या त्या एका पार्सलमध्ये अर्धा अभ्यासक्रम मावेल.

चौथी गोष्ट भाषेची. आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. मी घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो, वर्गात इंग्रजीतून लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच आहे, आणि याला आपण अडचण समजतो. सुरतेत मात्र मी पाहिले, की समोरच्याची भाषा ओळखून त्याच्या चालीने बोलणे, त्याच्या 'बघू' याचा अर्थ 'नाही' आहे हे ताडणे, हे व्यापाराचे निम्मे भांडवल आहे. बेळगावच्या खडेबाजारात वाढलेल्या मुलाला ते आयते मिळालेले असते. राहता राहिली इंग्रजी. ती आपल्याला आलीच पाहिजे, त्यात सूट नाही. पण ती व्यापारी पत्र रोज एक लिहून येते, फक्त विमानात बसून येत नाही. मराठी विभागातल्या मुलांनी आणि कन्नड विभागातल्या मुलांनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून इंग्रजीत सौदा करावा. दोघेही सारखेच अडखळणार, त्यामुळे लाजायचे कुणी कुणाला?

परदेशी शिक्षण वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. संशोधन करायचे असेल, प्रयोगशाळा हवी असेल, शिष्यवृत्ती मिळत असेल तर अवश्य जावे. निराळ्या समाजात एकटे राहण्याने माणूस रुंदावतो हेही खरे. पण जो निव्वळ 'जागतिक व्यापार शिकायला' म्हणून बापाची जमीन तारण ठेवून जातो, त्याने आधी स्वतःला विचारावे: माझ्या गावातून जगात काय जाते, कुठल्या बंदरातून जाते, कोणत्या कागदावर जाते, आणि त्याचा भाव कोण ठरवतो? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला इथे देता येत नाहीत, त्याला ती तिथेही फारशी कामाला येणार नाहीत. आणि ज्याला इथे देता येतात, तो गेला तर विद्यार्थी म्हणून जाणार नाही. माल घेऊन जाईल. अँटवर्पला गेलेले ते पालनपुरी तरुण असेच गेले होते.

वडिलांना मी माझे मत सांगितले आहे. जमीन तूर्त तारण ठेवू नका, मला दोन वर्षे द्या. एक वर्ष उद्यमबागेतील निर्यात करणाऱ्या एखाद्या कारखान्यात उमेदवारीचे, आणि एक सुरतेत मामांच्या बाजारात. ते अजून पुरते राजी नाहीत. शेजारचा मुलगा मँचेस्टरला गेला आणि आपला मुलगा मच्छेला जातो म्हणतो, हे चारचौघांत सांगणे सोपे नाही, हे मलाही समजते. मी चुकत असेन तर ते दोन वर्षांत दिसेल, आणि जमीन तोवर जागेवरच असेल. प्राध्यापकवर्गाला मात्र एक विनंती: त्या कागदांच्या फाइलची सुरुवात याच सत्रात करावी. उद्यमबागेत जाऊन कागद मागून आणायला मी आणि माझ्या वर्गातले तिघे तयार आहोत.